मदत हवी आहे: माझी रजोनिवृत्ती, पतींचे मौन आणि कपाटातली बाटली

माझे वय 50 आहे आणि पतींचे 56. माझी शेवटची पाळी येऊन 14 महिने झाले. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात, त्यामुळे व्याख्येपुरता माझा प्रश्न संपला आहे. मला मदत हवी आहे ती त्याआधीच्या काही वर्षांत आम्हा दोघांमध्ये जे साचत गेले त्याबद्दल.

पाळी अनियमित होऊ लागली तेव्हा मी घरात कोणालाही काही सांगितले नाही. रात्री अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होऊन दोन-तीनदा जाग यायची, उशी घामाने भिजायची, छातीत धडधडायचे आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी साधे शब्द आठवत नसत. पुढे कोरडेपणामुळे संबंधांच्या वेळी वेदना होऊ लागल्या, आणि ते बोलण्याऐवजी मी मान दुखत असल्याचे कारण सांगून दुसऱ्या खोलीत झोपू लागले. माझ्या आईच्या तोंडून मी या काळाविषयी एक शब्दही कधी ऐकला नव्हता, त्यामुळे हे बोलायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

अखेर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक (हार्मोन) कमी झाल्याने मेंदूतील तापमान सांभाळणारा भाग फार संवेदनशील होतो आणि जराशा उष्णतेनेही घाम फोडून शरीर थंड करू पाहतो, हे त्यांनी समजावले, तेव्हा आपल्याला वेड लागत नाही एवढे कळूनच मला रडू आले. संप्रेरक उपचारांची मला धास्ती होती, कारण 2002 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा एक भाग स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसल्याने मध्येच थांबवला गेला, हे मी वाचले होते. त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून 10 वर्षांच्या आत उपचार सुरू केले आणि इतर धोके नसले, तर बहुतेकींना तोट्यापेक्षा लाभ अधिक होतो, ही बाजू मला माहीत नव्हती. माझे गर्भाशय शाबूत असल्याने त्याच्या अस्तराच्या संरक्षणासाठी इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक दिले आहे. आता मी रात्रभर झोपते.

मात्र याच काळात पती अबोल होत गेले. पोट सुटले आहे, घोरणे फार वाढले आहे, बसल्या बसल्या डुलकी लागते, क्षुल्लक कारणावरून चिडतात आणि जवळ यायचे पूर्णपणे टाळतात. गेल्या महिन्यात कपाट आवरताना त्यांच्या कपड्यांमागे पुरुषांची ताकद वाढवण्याचा दावा करणारी, अर्धी संपलेली एक बाटली सापडली. तिच्यावर घटकांची नावे नव्हती. मी ती होती तिथेच ठेवली, पण तेव्हापासून मला चैन नाही, कारण अशा उत्पादनांमध्ये सिल्डेनाफिलसारखी ताठरतेची औषधे न सांगता मिसळलेली अनेकदा आढळली आहेत, आणि पतींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत; दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तदाब फार उतरू शकतो.

पुरुषांच्या या अवस्थेला अँड्रोपॉज म्हणतात खरे, पण माझ्या मते तो शब्दच दिशाभूल करतो. त्यांच्यात पाळीसारखे काही एकदम थांबत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचे संप्रेरक तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण 1 टक्क्याने उतरत जाते, आणि ते फार कमी झाले असेल तर त्यामागे वाढलेले वजन, मधुमेह किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो. शिवाय ताठरतेची अडचण ही हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची आधी मिळणारी सूचना असू शकते. म्हणूनच हा विषय केवळ शय्यागृहाचा आहे असे समजून मला तो सोडून देता येत नाही.

मागच्या रविवारी धीर करून मी त्यांना माझे सगळे सांगितले: घाम, वेदना, मानदुखीचे खोटे कारण. ते बराच वेळ गप्प बसले आणि एवढेच म्हणाले, “मला वाटलं, मी तुला नकोसा झालोय.” मग उठून बाहेर गेले. त्यानंतर हा विषय निघालेला नाही.

ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना, विशेषतः पुरुषांना, माझी विनंती आहे की मोकळेपणाने उत्तर द्यावे. बाटली पाहिल्याचे मी स्पष्ट सांगावे, की त्यामुळे त्यांना अधिकच अपमानित वाटेल? गोळ्यांशी तिचा संबंध असल्याने फार दिवस थांबणे मला धोक्याचे वाटते. आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जावे की थेट मूत्ररोगतज्ज्ञ किंवा अंतःस्रावतज्ज्ञांकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे)? टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करावी लागते असे वाचले आहे. तिच्याबरोबर साखर, कोलेस्टेरॉल आणि झोपेची तपासणीही मागून घ्यावी का? आणि तुमच्या पत्नीने हा विषय काढला असता, तर तिचे कोणते शब्द ऐकून तुम्ही उठून न जाता बसून राहिला असता?