चेक-इन बॅगेजमध्ये रायफल न्यायची आहे, पहिलीच वेळ, सल्ला हवा

लेकीचा_बाबा:
नमस्कार मंडळी. माझी लेक नेमबाज आहे, १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर पॉइंट टू टू (.२२ बोअरची गोळीवाली रायफल) अशी दोन्ही खेळते. आत्तापर्यंतच्या सगळ्या स्पर्धा गाडीने जाऊन केल्या, आता पहिल्यांदाच परदेशात जायचंय आणि वाटेत एकदा विमान बदलायचंय. मी सोबत असणार आहे पण मला स्वतःला बंदुकीतलं काही कळत नाही, लायसन्स तिच्याच नावावर आहे. पेटी कशी असावी, गोळ्या किती नेता येतात, काउंटरवर नेमकं बोलायचं काय? आणि माणशी ५ किलो गोळ्या चालतात असं ऐकलं, मग तिचे ५ आणि माझे ५ मिळून १० किलो एकाच पेटीत टाकले तर चालतील का? तिला टेन्शन नको म्हणून घरात काही बोलत नाही, पण मला रात्री झोप लागत नाहीये.

नेम_धरून:
दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं. नाही चालणार. ५ किलो ही मर्यादा माणशी आहे, तीही पॅकिंगसकट वजन धरून, आणि दोघांचा कोटा एकत्र करता येत नाही असं विमानवाहतुकीच्या नियमात स्पष्टच आहे. शिवाय लायसन्स तुमच्या नावावर नाही, तेव्हा तुम्ही गोळ्यांना हातच लावू नका, रायफलची पेटीही तिच्याच तिकिटावर चेक-इन करा. पण खरं सांगू का, पॉइंट टू टू ला ५ किलो लागतच नाहीत. ५० गोळ्यांचा डबा पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराला) मॅचचे ६० शॉट, वर सायटर्स म्हणजे नेम जुळवायचे शॉट आणि दोन दिवस प्रॅक्टिस असं सगळं धरलं तरी ३०० गोळ्यांत भागतं, म्हणजे किलोभर. त्या कंपनीच्या मूळ डब्यातच ठेवा, सुट्या पिशवीत अजिबात नको.

आता पेटी. कडक कवचाची, आत फोम, आणि कुलपासाठी जितकी भोकं असतील तितकी कुलपं. सगळी कुलपं लावली की पेटीचा कोपरा दोन्ही हातांनी उचकटून बघा, फटीतून बोट आत जात असेल तर ती पेटी बाद, काउंटरवरही तसंच बघतात. बोल्ट (मागची सरकती खिट्टी) काढून वेगळा ठेवा, चेंबरमध्ये म्हणजे गोळी बसते त्या जागी सेफ्टी फ्लॅग, ती रंगीत पट्टी, घाला म्हणजे रायफल रिकामी आहे हे उघडताक्षणी दिसतं. बोल्ट काढलाय म्हणून तो केबिन बॅगेत टाकायचा नाही हं, बंदुकीचा कुठलाच भाग वर न्यायचा नाही.

एअर रायफलचा हवेचा सिलिंडर लोक हमखास विसरतात. भरलेला असतो तेव्हा आत साधारण २०० बार प्रेशर असतं. घरूनच रायफलवरून उतरवून पूर्ण रिकामा करा, हळूहळू, सोबत मिळतो त्या स्क्रूने, आणि गेजचा काटा शून्यावर आलेला फोटो काढून ठेवा. तिथे रेंजवर भरून मिळतो. सिलिंडरवरची तारीखही बघून घ्या, मुदत उलटलेला असेल तर विमानाचं सोडा, स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोललाच, म्हणजे साहित्य तपासणीलाच, अडेल. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिन बॅगेत, त्या खाली चालत नाहीत.

काउंटरवाली:
मी चेक-इनवर काम करते म्हणून आमच्या बाजूने सांगते. वेब चेक-इन करून थेट बॅग ड्रॉपला येऊ नका, माणूस बसलेल्या काउंटरवर या आणि पेटी पट्ट्यावर ठेवायच्या आधीच शांतपणे सांगा की यात स्पर्धेची रायफल आहे, रिकामी आहे, हे लायसन्स आणि ही एअरलाइनची परवानगी. बस. आम्हाला त्रास होतो तो लपवणाऱ्यांचा, आधी सांगणाऱ्यांचा नाही. ही परवानगी तिकिटासोबत आपोआप मिळत नाही, एअरलाइनला आधी कळवून लेखी घ्यावी लागते आणि दुसरं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिचीही वेगळी. काही एअरलाइन्स बंदूक घेतच नाहीत, म्हणून तिकीट काढायच्या आधी विचारा.

पेटी तपासायला घेतली की किल्ली घेऊन तिथेच थांबा, झालं असं कुणी तोंडाने सांगेपर्यंत हलू नका. मुलगी आत गेली आणि किल्ली तिच्याकडे राहिली की पेटी इथेच राहते. अमेरिकेत तर टीएसएचा (तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेचा) नियमच आहे की किल्ली किंवा नंबर प्रवाशाकडेच राहायचा. उतरल्यावर पेटी नेहमीच्या पट्ट्यावर येईलच असं नाही, बऱ्याचदा मोठ्या सामानाच्या खिडकीवर किंवा ऑफिसात सही करून घ्यावी लागते. कस्टममध्ये पुन्हा डिक्लेअर करायचं.

क्लेबर्ड:
मी ट्रॅपवाला, म्हणजे शॉटगनने उडत्या थाळ्या फोडणारा. आमचं गणित वेगळंच, काडतुसात नुसते छर्रेच २४ ग्रॅमचे असतात, सगळं मिळून २५ चा डबा किलोच्या घरात जातो. म्हणजे ५ किलोत सव्वाशे काडतुसं, आणि क्वालिफिकेशनलाच १२५ टार्गेट असतात, वर एकेका टार्गेटला दोन शॉट मारता येतात. म्हणून आम्ही काडतुसं आयोजकांकडेच आधी मागवून ठेवतो. पॉइंट टू टू वाल्यांना मात्र आपल्या बॅरलला जुळलेला लॉट (एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या) लागतो, तेव्हा तिच्या गोळ्या न्याच.

मला सांगायचंय ते कागदांचं. एकदा माझ्या परवानगीपत्रावर सिरियल नंबरात ८ चा ३ झाला होता, ज्या ऑफिसने पत्र दिलं त्यांनी चूक केली आणि मीही न बघता घडी घालून ठेवलं. परत येताना तपासणाऱ्याने बॅरलवर टॉर्च मारून एकेक आकडा वाचला आणि तिथेच थांबवलं, माझ्या डोळ्यांसमोर विमान गेलं. तेव्हापासून पत्र हातात पडलं की बंदूक बाहेर काढतो, मी आकडे वाचतो, बायको पत्रावर बोट ठेवून जुळवते. तुम्हीही दोघं मिळून करा.

नेम_धरून:
बरी आठवण केलीत. आणि दादा, विमान बदलताय तिथलं बघा. एकाच तिकिटावर सामान थेट पुढे जात असेल तरी काही देश नुसत्या ट्रान्झिटसाठीही परमिट मागतात. दोन वेगळी तिकिटं असतील तर पेटी हातात घेऊन त्या देशात शिरावं लागतं, मग तिथला पूर्ण कायदा लागू. आयोजकांना रायफलचा मेक, सिरियल नंबर, गोळ्यांची संख्या आणि तुमचा पूर्ण मार्ग पाठवा, आमंत्रणपत्र तेच देतात.

अजून एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रोज रेंजवर नेते ती सॅक केबिन बॅग म्हणून न्यायची नाही. पॉइंट टू टू ची गोळी करंगळीच्या टोकाएवढी, शिवणीत, अस्तरात कुठेही जाऊन बसते आणि एक्स-रेला लख्ख दिसते. चांगल्या चांगल्या खेळाडूंवर ही वेळ येते आणि चुकून राहिली असं सांगून सुटका होत नाही. पोरीचं लायसन्स, सिलेक्शन सगळं अडकतं. नवी सॅक घ्या, जॅकेटचे खिसेसुद्धा उलटे करा.

लेकीचा_बाबा:
तिघांचेही मनापासून आभार. आज एअरलाइनला मेल टाकला, दुसऱ्या टप्प्याचं विमान दुसऱ्याच कंपनीचं निघालं, त्यांनाही वेगळं लिहिलं. सिरियल नंबर दोघांनी मिळून जुळवला, बरोबर आहे.

तुमचं वाचून तिची रेंजची सॅक गच्चीवर नेऊन उलटी केली. काही पडलं नाही. मग बोटाने शिवण चाचपत गेलो तर तळाच्या अस्तराला एक भोक होतं आणि त्याच्या आत, पुठ्ठ्याच्या खाली, काहीतरी टणक लागलं. अस्तर उसवलं. अख्खी जिवंत गोळी. हीच सॅक ती केबिनमध्ये नेणार होती, हात थरथरत होते माझे. आता हिचं काय करू?

नेम_धरून:
तुम्ही काही करू नका, लेकीला सांगा. तिने ती डब्यात ठेवायची आणि उद्या रेंजवर प्रशिक्षकांकडे द्यायची. आणि सॅक तुम्ही दोघांनी अजून एकदा बघा, बाजूच्या खिशांचं अस्तरही उसवून.