मदत हवी आहे: शिवकालीन तारखांची एक्सेल यादी, ज्युलियन की ग्रेगोरियन?

सतराव्या शतकातल्या घटनांची यादी लावणं चालू आहे. शकाचं गणित सोपं आहे: चैत्र ते साधारण मार्गशीर्ष ७८ मिळवा, जानेवारीनंतर फाल्गुनापर्यंत ७९. म्हणून फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. अडतंय ते पुढे.

राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. रूढ तारीख ६ जून १६७४, पण ती ज्युलियन (युरोपातलं जुनं कॅलेंडर). ग्रेगोरियन (आजचं कॅलेंडर) १६ जून. वार शनिवार. कॅलेंडरचं बहुतेक सॉफ्टवेअर मागचं सगळं ग्रेगोरियन धरतं, त्यामुळे ६ जून टाकला की बुधवार दाखवतं! एक्सेल तर १९०० आधीची तारीख नुसता मजकूर समजतं, क्रमवारी लागतच नाही.

त्यात भर म्हणजे गोव्याची पोर्तुगीज पत्रं ग्रेगोरियन, सुरतेच्या इंग्रजांची ज्युलियन. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे त्यांच्या कागदावरचा फेब्रुवारी १६७३ हा आपला १६७४.

जाणकारांनो, तीन गोष्टी सांगा:
१. मूळ रकाना कोणता ठेवावा? ज्युलियन दिनांक (ज्युलियन कॅलेंडर नव्हे, सलग दिवसांचा आकडा) ठेवून बाकी त्यावरून काढले तर चालेल ना?
२. शुहूर सनात (मराठी कागदांतली, मृग नक्षत्र लागताना वर्ष बदलणारी कालगणना) ५९९ की ६०० मिळवायचे हे मृगावर ठरतं; मेअखेर-जूनच्या पत्रांना सीमा नेमकी कुठे धरता?
३. वार, तिथी आणि तारीख जुळली नाही तर आधी कशावर संशय घ्यायचा? माझं मत तिथीवर, नकलाकाराकडून शुद्ध-वद्य सहज उलटतं.