मदत हवी: रेकॉर्ड लावली की वूफर भात्यावानी हलायलेत

परभणीचा_पाव्हणा
अर्जंट आहे. रेकॉर्ड लावली की दोन्ही वूफर (बॉक्समधले मोठे स्पीकर) लोहाराच्या भात्यावानी आत-बाहेर व्हायलेत. गाणं नीट ऐकू येतंय, पण आवाज वाढवला की पडदा फाटतो का काय असं वाटतंय. मोबाइल जोडला तर काहीच नाही. रविवारी मामा यायलेत, रेकॉर्डी त्यांच्याच आहेत. लेक्चर नको, उपाय सांगा.

लातूरचा_मिस्त्री
प्लेअर कोणता? अ‍ॅम्प कोणता? बॉक्स बंद की भोकाचा? नुसतं 'दुखतंय' म्हणून गोळी मिळत नसते.

परभणीचा_पाव्हणा
बेल्टवाला प्लेअर, जपानी अ‍ॅम्प, दोन्ही बाबांच्या काळातले. बॉक्सला मागून भोक आहे. त्यानं काय होतंय?

लातूरचा_मिस्त्री
होतंय की. भोकाच्या बॉक्सचा एक ठरलेला सूर असतो. त्याच्या खालचं काही आलं की आतली हवा पडद्याला धरत नाही, तो मोकाट सुटतो. ते हलणं कानाला ऐकूही येत नाही.

नांदेडकर_नाना
अर्थिंग बघा. माझ्याकडं हुम्म यायचा. प्लेअरची बारकी वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूला आवळली, गेला.

परभणीचा_पाव्हणा
नाना, हुम नाहीच म्हणलं की.

नांदेडकर_नाना
तरी एकदा बघा.

जालन्याचा_जुगाडू
भोकात जुने मोजे कोंबा. पाच मिनिटांचं काम. माझं बारा वर्षं असंच चालू आहे.

लातूरचा_मिस्त्री
मोज्यानं हलणं कमी दिसंल, रोग तिथंच राहतो.

जालन्याचा_जुगाडू
रोग कशाला, मामाला वूफर दिसला नाही म्हणजे झालं.

धाराशिव_काका
प्लेअर ठेवलाय कुठं?

परभणीचा_पाव्हणा
लाकडी कपाटावर, दोन बॉक्सच्या मधोमध.

धाराशिव_काका
अन् हे आत्ता सांगताय! मोटर बंद करा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज रोजच्याइतका ठेवा आणि कपाटावर बोटानं टकटक करा. बॉक्स घुमला अन् घुमतच राहिला तर बॉक्सचा हादरा सुईत परत यायलाय. आमचं माळवदाचं घर. प्लेअर कोनाड्यात ठेवलाय, भिंत इतकी जाड की बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी सुईला पत्ता नाही. आता पोरं माळवद पाडून स्लॅब टाकायचं म्हणतात, कोनाडा गेला की मी प्लेअर कुठं

धाराशिव_काका
अर्धंच गेलं. असो.

परभणीचा_पाव्हणा
केलं. टकटक ऐकू येते, पण घुमत नाही. रेकॉर्ड फिरायला लागली की लगेच भाता सुरू.

लातूरचा_मिस्त्री
मग हादरा नाही. सुई वर उचलून नुसती थाळी फिरवा, तेव्हा हलतो का?

परभणीचा_पाव्हणा
नाही.

लातूरचा_मिस्त्री
म्हणजे सुईतूनच यायलंय. रेकॉर्डी कुठं होत्या?

परभणीचा_पाव्हणा
पत्र्याखाली माळ्यावर. आडव्या, एकावर एक.

धाराशिव_काका
परभणीचा मे महिना, वर पत्रा, अन् आडव्या. अरे देवा.

लातूरचा_मिस्त्री
३३⅓ च्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदाचा. डोळ्याच्या रेषेत बघा, दर फेऱ्याला आर्म, म्हणजे सुईचा दांडा, वर-खाली होतोय का. वाकडेपणाची ही हालचाल बहुतेक ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ हेलकाव्यांच्या, खालीच असते. त्यात अ‍ॅम्पमधलं फोनोचं (रेकॉर्ड प्लेअरसाठीचं) सर्किट खालचे सूर मुद्दाम उचलतं, १००० हर्ट्झच्या मानानं २० हर्ट्झला नऊ पट. मोबाइलच्या गाण्यात हे नसतंच, म्हणून तिथं वूफर शांत. सुई-कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) बदललं का एवढ्यात?

परभणीचा_पाव्हणा
हो, गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवलं. तेव्हापासूनच हलायलंय. सांगायचं राहिलं.

लातूरचा_मिस्त्री
🙏 आर्म सरळ का वाकडा? कार्ट्रिजच्या कागदावर वजन अन् कॉम्प्लायन्स (सुई किती लवचिक आहे त्याचा आकडा) काय लिहिलंय?

परभणीचा_पाव्हणा
आर्म एस आकाराचा, जड. वजन ६ ग्रॅम, कॉम्प्लायन्स २५.

लातूरचा_मिस्त्री
आर्मचे २० ग्रॅम धरू. २० अधिक ६ म्हणजे २६, गुणिले २५ म्हणजे ६५०. त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. १५९ ला त्यानं भागा, ६ हर्ट्झच्या आसपास येतं. आर्म अन् कार्ट्रिजची जोडी आपसूक डुलते तो हा आकडा. पाहिजे ८ ते १२ च्या मधे. तुमचं बरोबर वाकड्या रेकॉर्डच्या तावडीत सापडलंय. कॉम्प्लायन्स १२ चं घेतलं असतं तर ९ वर बसलं असतं. अ‍ॅम्पला 'सबसॉनिक' किंवा 'लो फिल्टर' बटण आहे का, अगदी खालचे सूर कापणारं?

परभणीचा_पाव्हणा
नाही.

संभाजीनगर_रसिक
फिल्टर लावू नका. डग्ग्याचा घुमार मरतो. मूळ ध्वनीला हात लावायचाच नाही.

लातूरचा_मिस्त्री
फिल्टर २० हर्ट्झच्या खाली कापतो. डग्गा त्याच्या कितीतरी वर असतो.

संभाजीनगर_रसिक
कानाला कळतं, आकड्याला नाही.

परभणीचा_पाव्हणा
बटण आहे!! दुरुस्तीवाल्यानं तारीख लिहून चिकटपट्टी लावली होती, तिच्याखाली. दाबलं अन् भाता जवळजवळ बंद. डग्गा पण तसाच वाजायलाय.

लातूरचा_मिस्त्री
पडदा वाचला. पण सुईला अजून तेवढ्याच उड्या माराव्या लागायल्यात. सवडीनं कार्ट्रिज बदला.

परभणीचा_पाव्हणा
हौ. एक रेकॉर्ड मात्र लईच वाकडी आहे, नेमकी मामाची आवडती. दोन काचांमधे धरून उन्हात ठेवली तर सरळ होते म्हणतात?

धाराशिव_काका
उन्हानंच वाकली ना ती? मामाला चहा द्या, दुसरी लावा.

नांदेडकर_नाना
हुम गेला का?