दोन विमाने एकमेकांच्या फार जवळ आली, तर नियंत्रक नेमके काय करतो?

मखमलाबादकर:
नमस्कार. मागच्या आठवड्यात सायंकाळी गंगापूर धरणाकडे फिरायला गेलो असताना दोन विमानांमागचे पांढरे पट्टे एकमेकांना छेदताना दिसले आणि त्या क्षणी दोन्ही विमाने एकाच ठिकाणी आहेत, असे निदान खालून तरी वाटले. एरवी मी ते विसरूनही गेलो असतो. परंतु माझ्या भाचीची हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून नुकतीच निवड झाली असून ती प्रशिक्षणासाठी प्रयागराजला जाणार आहे, त्यामुळे आमच्या घरात सध्या दुसरा विषय नाही. मी पाहिला तो थोडक्यात टळलेला अपघात होता का? आणि दोन विमाने खरोखरच एकमेकांवर चालून येत असल्याचे नियंत्रकाला पडद्यावर दिसले, तर त्याच्या हाती किती वेळ असतो व तो काय करतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

द्वारका_सर्कल:
मुंबईच्या एरिया कंट्रोलमध्ये, म्हणजे मार्गावर उंचावरून जाणारी विमाने सांभाळणाऱ्या केंद्रात, नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून लिहितो. नाशिकवरून त्या उंचीने जाणारी विमाने ओझरच्या टॉवरकडे नसतात, ती मुंबईच्या ताब्यात असतात. आपण पाहिलेला प्रकार बहुधा रोजचाच असावा. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना सामान्यतः विषम हजार फुटांची आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार फुटांची उंची दिली जाते, म्हणजे एक ३५,००० फुटांवर तर दुसरे ३६,००० फुटांवर. मधले अंतर सुमारे तीनशे मीटर. ते दहा-अकरा किलोमीटर खाली उभ्या असलेल्या माणसाला कळणे शक्य नाही. २९,००० फुटांच्या वर पूर्वी हे अंतर दोन हजार फूट ठेवावे लागे, भारतात ते २००३ च्या नोव्हेंबरात एक हजारावर आले.

आता वेळेविषयी. उंची सारखी असेल, तर मार्गावरील दोन विमानांत रडारवर साधारणपणे पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर राखावे लागते. समोरासमोर येणारी दोन विमाने ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडत असतील, तर ती दर सेकंदाला अर्धा किलोमीटर जवळ येतात आणि ते सगळे अंतर अठरा-एकोणीस सेकंदांत संपते. त्यातच नियंत्रकाने सूचना द्यायची, वैमानिकाने ती उच्चारून परत सांगायची आणि मग ते अवजड विमान वळू लागायचे. म्हणून चांगला नियंत्रक हा तिढा काही मिनिटे आधीच ओळखतो आणि एखाद्याला पाच-दहा अंश वळवून किंवा त्याचे चढणे एक हजार फूट अलीकडे थांबवून मोकळा होतो. प्रवाशांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हे हुकले, तर पडद्यावरील दोन्ही विमानांच्या लेबलांचा रंग बदलतो, इशारा वाजतो आणि नियंत्रक ठरावीक शब्दांत सांगतो, ‘टर्न राइट इमिजिएटली, हेडिंग झीरो नाइन झीरो, टू अव्हॉइड ट्रॅफिक’. शिकाऊ मंडळी येथे घाईघाईने बोलतात आणि वैमानिक ‘से अगेन’ म्हणतो, की गेले चार-पाच सेकंद पाण्यात!

ओझर_टाऊनशिप:
माहिती उत्तम आहे. परंतु पडद्यावर सगळे दिसतेच, हे गृहीत धरू नये. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ यांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. नियंत्रकाने एकाला १४,००० आणि दुसऱ्याला १५,००० फूट उंची दिलेली होती. कझाक विमान दिलेल्या उंचीखाली उतरले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कोठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. त्यामुळे नियंत्रकाला कळणार तरी कसे? त्यानंतरच आपल्याकडे विमानांत टीकॅस, म्हणजे टक्कर टाळण्यासाठी वैमानिकाला थेट इशारा देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. माझा प्रश्न असा, की आज उंची डोळ्यांसमोर दिसत असताना शेवटच्या क्षणापर्यंत नियंत्रकाने सांगत राहायला नको का?

द्वारका_सर्कल:
नाही. नेमके तेव्हाच त्याने गप्प बसायचे असते. टीकॅस दोन्ही विमानांतून परस्परांशी बोलते आणि टक्कर होण्याच्या अंदाजे अर्धा मिनिट आधी एकाला वर, तर दुसऱ्याला खाली जायला सांगते. वैमानिकाने ‘टीकॅस आरए’, म्हणजे टीकॅसने वर किंवा खाली जायला सांगितले आहे, असे कळवले, की त्या विमानाचा मार्ग बदलणारी कोणतीही सूचना नियंत्रकाने द्यायची नाही. धोका टळल्याचे वैमानिक सांगेपर्यंत फक्त ऐकायचे आणि आसपासच्या इतर विमानांकडे पाहायचे.

हा नियम फार महागात पडून पक्का झाला आहे. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये शिकाऊ नियंत्रकाने एका विमानाऐवजी दुसऱ्याचाच क्रमांक उच्चारून त्याला खाली उतरायला सांगितले. त्या विमानातील टीकॅस वर जा म्हणत असताना वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. समोरचे विमान टीकॅसच्या सांगण्यावरून खालीच येत होते. वैमानिकांनी डोळ्यांनी पाहून विमाने वाचवली, पण शंभरेक माणसे जखमी झाली. पुढच्याच वर्षी, १ जुलै २००२ रोजी, जर्मनीतील उबरलिंगेनवर हाच गोंधळ झाला आणि तेव्हा मात्र ७१ जण गेले. तो भाग सांभाळणाऱ्या झुरिकच्या नियंत्रण कक्षात त्या रात्री एकच नियंत्रक दोन जणांच्या जागा सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता आणि दुरुस्तीच्या कामामुळे पडद्यावरील इशाराही बंद होता. मला या प्रकरणात त्या एकट्या माणसापेक्षा त्याला एकटे सोडणाऱ्या व्यवस्थेचा दोष अधिक वाटतो.

मखमलाबादकर:
मनःपूर्वक आभार, सर. टीकॅस इतके भरवशाचे असेल, तर मग भाचीसारख्यांचे काम पुढे कमी होत जाईल का?

द्वारका_सर्कल:
जमिनीलगत, साधारण एक हजार फुटांच्या खाली, टीकॅस वर जा किंवा खाली जा असे सांगतच नाही. ७ जानेवारी २०२२ रोजी बंगळुरूत समांतर धावपट्ट्यांवरून दोन विमानांनी एकाच वेळी उड्डाण केले आणि ती एकमेकांकडे झुकू लागली. एक धावपट्टी उड्डाणांसाठी बंद ठेवण्याचा निर्णय झाला होता, पण तो तिथल्या टॉवर नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नव्हता. अॅप्रोच रडारवर, म्हणजे विमानतळाजवळ येणारी-जाणारी विमाने पाहणाऱ्या रडारवर, बसलेल्या नियंत्रकाने ते पाहिले आणि दोघांना विरुद्ध दिशांना वळवले. भाचीला सांगा, रडार नसताना केवळ वेळ, उंची आणि अंतर यांच्या हिशेबाने विमाने वेगळी ठेवण्याचा भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो. तिने तो मन लावून शिकावा.