मदत हवी आहे: ब्रेन ट्यूमरच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) फ्यूजन टेस्ट कुठे करावी?

मंडळी, भाच्याला (वय १९) फिट्स यायच्या. उजव्या टेम्पोरल लोबमधली गाठ पूर्ण निघाली, पोरगं आता ठणठणीत आहे. घोडं अडलंय ते बायॉप्सीच्या रिपोर्टवर.

पेशी गोल, भोवती पांढरं वलय, मधेमधे कॅल्शियम. म्हणजे दिसायला थेट ऑलिगोडेंड्रोग्लिओमा (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार). पण त्या निदानाला आयडीएच म्युटेशन (त्या जनुकातला बदल) आणि १पी/१९क्यू डिलीशन (१ आणि १९ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे गळणं) दोन्ही लागतात. इथे एकही नाही. उलट सीडी३४ (पेशींवरचं एक प्रथिन) भरभरून पॉझिटिव्ह. त्यामुळे पॅथॉलॉजिस्टना २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात आलेल्या 'प्लन्टी' (PLNTY) या ग्रेड १, म्हणजे सर्वांत सौम्य गटातल्या गाठीचा संशय आहे. तिच्यात बीआरएफ जनुकात व्ही६००ई म्युटेशन किंवा एफजीएफआर फ्यूजन (हे जनुक दुसऱ्या जनुकाला चिकटणं) सापडतं. बीआरएफ निगेटिव्ह आलंय, आता फ्यूजन बघायचं राहिलंय. एक नातेवाईक रेडिएशन लगेच सुरू करा म्हणतात; नाव पक्कं होण्याआधी ते मला पटत नाही.

आम्ही सांगलीत आहोत. पॅराफिन ब्लॉकवर आरएनए सिक्वेन्सिंग (फ्यूजन शोधायची टेस्ट) मुंबई-पुण्यात कोणी करून घेतलंय का? खर्च किती आला? परळला टाटामध्ये स्लाइड रिव्ह्यूसाठी पेशंटला न्यावं लागतं, की ब्लॉक आणि कागदपत्रं घेऊन मी एकटा गेलो तरी चालेल? अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज. काढे-बिढे नकोत.