'द लॉस्ट बॉइज' (१९८७): पटकथा पक्की की नुसता केसांचा थाट?

रातकिडा (धागाकर्ता):
जोएल शूमाकरचा हा व्हँपायरपट म्हणजे लेदर जॅकेटं, मोटरसायकली आणि तेल चोपडलेला सॅक्सोफोनवाला, असं म्हणून लोक तो निकालात काढतात. मला पटत नाही. जेवणाचा प्रसंग पुन्हा बघा. नायक मायकेलचा धाकटा भाऊ आणि त्याचे दोस्त, ही पोरं मायकेलच्या आईचा मित्र मॅक्स व्हँपायर आहे का हे बघायला त्याच्यावर लसूण, पवित्र पाणी, आरसा असं सगळं आजमावतात आणि सपशेल तोंडघशी पडतात. कारण त्याच्याआधीच दाखवलेलं असतं: मॅक्स उंबऱ्याबाहेर थांबून मायकेलकडून रीतसर आमंत्रण घेतो. व्हँपायरला आपणच घरात बोलावलं की आपले उपाय लुळे पडतात, हा खुलासा मात्र थेट शेवटी.

खडूस प्रेक्षक:
छान. मग डेव्हिडची तरुण व्हँपायर टोळी न बोलावता घरात कशी घुसते?

रातकिडा:
घुसायला बंदी आहे असं हा सिनेमा म्हणतच नाही. न बोलावता आले, म्हणून तर मरतात! बाथटबमध्ये त्या टोळीतला पॉल लसणाला हसतो, पण त्याच पाण्यात पवित्र पाणी मिसळलेलं असतं.

खडूस प्रेक्षक:
हे मान्य. खरी पळवाट 'अर्धा व्हँपायर' ही आहे. मायकेल बाटलीतलं रक्त पितो, पण पहिली शिकार करेपर्यंत पूर्ण बदलत नाही. म्होरक्या मेला की पुन्हा माणूस. म्हणजे चुकीची किंमत शून्य. त्याच वर्षीचा कॅथरिन बिगेलोचा 'निअर डार्क' बघा, तिथे भूक खरी वाटते.

पडद्यामागे:
'निअर डार्क'मध्ये तर रक्त बदलून माणूस बरा होतो! पळवाटच मोजायची तर ती जास्त स्वस्त.
इथली खरी कमाई कॅमेऱ्याची. मायकेल चॅपमन म्हणजे 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल'चा छायाचित्रकार. सुरुवातीला उडणारे व्हँपायर दिसतच नाहीत, कॅमेराच समुद्रावरून सांताक्रूझच्या बोर्डवॉककडे झेपावतो. दिसत नाही तोवर भीती टिकते. शेवटच्या मारामारीत मायकेल आणि डेव्हिड हवेत लटकताना दिसतात आणि तिथे मजा ओसरते. बघताना टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे सलग करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर रात्रीचे प्रसंग मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात.

खडूस प्रेक्षक:
कॅमेऱ्याबद्दल वाद नाही. पण टोळीतल्या स्टार नावाच्या मुलीचं काय? मायकेलला टोळीच्या गुहेपर्यंत आणायचं आणि नंतर कुणीतरी वाचवेल म्हणून बसायचं, एवढंच तिच्या वाट्याला. आणि मॅक्सचा शेवट? मायकेलचे आजोबा जीप घेऊन भिंत फोडून येतात, जीपवरचा कुंपणाचा खांब सुटून मॅक्सच्या छातीत घुसतो, काम तमाम. नियम एवढे घट्ट होते, तर पोरांनी लावलेला एकही डाव मॅक्सला का लागत नाही?

रातकिडा:
कारण त्याला मायकेलनं बोलावलं होतं. आजोबांनी नव्हतं.