मदत हवी आहे: आई-बाबांसाठी ४३ इंची टीव्ही, सांगलीतल्या दुकानातून घ्यावा की ऑनलाइन?

नमस्कार मंडळी. आम्ही विश्रामबागला राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून मोठा टीव्ही आवाक्यात आलाय. पण स्वस्तातला टिकाऊ कुठला, हेच कळेना.

दुकानात दोन टीव्ही शेजारी-शेजारी लावून दाखवले. स्वस्तातला समोरून झकास, पण जरा बाजूला सरकलं की चेहरे फिकट. आई स्वयंपाकघराच्या दारातून, म्हणजे तिरकंच बघते. त्यामुळे आयपीएस पॅनल, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणारा पडदा, बरं वाटतंय. त्यात अंधारात काळा रंग थोडा राखाडी दिसला तरी चालेल. फोर-केचा आग्रह नाही, केबलवर फार तर एचडीच येतं.

खरी काळजी पॅनलची. वॉरंटीनंतर ते गेलं की दुरुस्तीचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा. सांगली-मिरजेत कोणत्या कंपनीचा माणूस खरंच घरी येतो? ऑनलाइन घेतलेल्यांना तक्रारीनंतर किती थांबावं लागलं? वाढीव वॉरंटीत पॅनल धरतात का?

बजेट पंचवीस हजार. स्वतः वापरलेल्यांनी कृपया मॉडेलसकट सांगा. बाबांना जुन्या टीव्हीवरची बातम्यांची पट्टी वाचता येत नाही, म्हणून पुढच्या सेलपर्यंत थांबायचं नाहीये.